एका विकराची उणीव

कागद हातात आला तेव्हा ऋतुजाला आधी वाटलं, आपण नांदेडहून चुकून लॅबमधलाच एखादा कागद घेऊन आलो. लातूरच्या त्या बालरुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर, काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती सकाळपासून बसलेली होती आणि नर्सनं दिलेला रिपोर्ट तिच्या बहिणीच्या सहा दिवसांच्या मुलाचा होता. वर्षाराणीचं बाळ, पुरुष, वय सहा दिवस. त्याच्याखाली काविळीचा आकडा, हिमोग्लोबिन, आणि तिसऱ्या ओळीत तो शब्द, जो ती गेली चार वर्षं रोज लिहीत, खोडत, बोलत आली होती. जी-सिक्स-पीडी. पुढं एक आकडा, इतका लहान की टायपिंगची चूक वाटावी, आणि आकड्याच्या पुढं ठळक अक्षरांत : उणीव. तिनं कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला अनोळखी शहरात भलत्याच दारातून बाहेर येताना पाहावं, आणि त्यानं आपल्याकडं ओळख न दाखवता निघून जावं, तसं तिला झालं. शेजारी तिची अव्वा, म्हणजे आई, कमलम्मा, मांडीवर रिकामा डबा घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "काय लिवलंय?" ऋतुजा म्हणाली, "रक्ताचं आहे." "रक्ताचं काय?" ह्याला उत्तर द्यायच्या आत नर्स पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, मॅडम बोलावतायत. आजींना पण घ्या."

चार वर्षांपूर्वी, नांदेडला विष्णुपुरीच्या पलीकडं माळावरच्या विद्यापीठात ती पीएच.डी.ला लागली, तेव्हा शिवशंकर सरांनी तिला यीस्ट दिलं होतं. पाव फुगवतं तेच साधं यीस्ट. सर म्हणाले होते, ह्याला बोलता येत नाही एवढंच, बाकी हे आपल्यासारखंच आहे. जगायचं म्हणजे प्राणवायू वापरायचा, आणि वापरला की त्यातला थोडा बिघडतो, पेशीच्या आतच. ते बिघडलेले रेणू समोर येईल त्याचा लचका तोडत सुटतात. यीस्ट हे सोसतं, कारण त्याच्याजवळ विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. एक विकर जहाल विषाचं जरा सौम्य विष करतं, दुसरं त्या सौम्य विषाचं पाणी करून टाकतं, तिसरं स्वतः होरपळून दुसऱ्याला वाचवतं. आणि ह्या सगळ्यांच्या मागं, कधी पुढं न येणारं, होरपळलेल्यांना परत उभं करून कामाला धाडणारं एक विकर असतं. ते हे, जी-सिक्स-पीडी. ऋतुजानं ते बनवणारा जीन यीस्टमधून काढून टाकला होता आणि चार वर्षं ती त्या अपुऱ्या यीस्टला थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन ते कसं मरतं हे पाहत होती. बशीतल्या जेलीवर वरच्या ओळीत साध्या यीस्टचे पाच ठिपके, पांढरे, टम्म फुगलेले. खालच्या ओळीत तिच्या यीस्टचा एकच ठिपका, तोही झिरझिरीत, पुढं नुसती मोकळी जेली. साध्या यीस्टला आदल्या तासाला अगदी थोडं पेरॉक्साइड चाखवलं तर ते पुढच्या मोठ्या माऱ्यासाठी सावध होतं, तयारी करतं. तिचं यीस्ट कितीही चाखवलं तरी तयार होत नव्हतं. हे तिचं संशोधन. आणि त्याला महत्त्व यावं म्हणून प्रत्येक अहवालाच्या, प्रत्येक अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात ती एक वाक्य घालायची, सगळेच घालतात तसं : ह्या विकराची उणीव जगात चाळीस कोटींहून जास्त माणसांत जन्मतःच असते, अशा नवजात बालकांत काही औषधांनी, काही शेंगांनी किंवा नॅफ्थलीननं रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ते वाक्य तिनं स्वतः रचलेलंही नव्हतं. कुठून तरी उचललेलं, जरा फिरवून लिहिलेलं. चाळीस कोटी हा आकडा लिहिताना तिला कधी एकही चेहरा दिसला नव्हता.

डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या असतील, एकोणतीस-तीसच्या. डोळ्यांखाली काळं. त्यांनी विचारलं, "तुम्ही बाळाच्या कोण?" "मावशी." "शिक्षण?" ऋतुजानं सांगितलं. बाईंना बरं वाटल्याचं दिसलं. "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," असं म्हणून त्या भराभर बोलू लागल्या. काल बाळाचं रक्त बदललं, पण दाखल केलं तेव्हा काविळीचा आकडा फार वर होता, एकतीस. बाळ मान मागं टाकतंय, रडणं चिरकं आहे. काविळीचा मेंदूवर किती परिणाम झाला ते आत्ता सांगता येणार नाही. मग त्या कमलम्माकडं वळल्या. "आजी, घरी काही औषध दिलं का बाळाला? गुटी, काढा, काही?"

"न्हाई बाई. साखरपाणी तेवढं."

"आईचं दूध?"

कमलम्मा डब्याच्या कडीशी खेळत राहिली. "बंद केलतं. मंगळवारपासनं."

"का?"

"पिवळा दिसू लागला म्हणून."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग पेन न उचलता, वर न बघता विचारलं, "कपडे कुठले घातले होते? जुने, पेटीतले? डांबरगोळ्या ठेवता का कपड्यांत?"

"ठेवतो की. सगळेच ठेवतात," कमलम्मा म्हणाली. "किडं लागत्यात."

ऋतुजा त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होती. खाली रस्त्यावर एक माणूस हातगाड्यावर सीताफळं रचत होता, एकावर एक, पडणार नाहीत अशी. डांबरगोळी. नॅफ्थलीन. हे एकाच वस्तूचे दोन शब्द आहेत हे तिला ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं क्षणात सांगितलं असतं. पण कुणी विचारलंच नव्हतं. एक शब्द माळावरच्या लॅबमध्ये राहत होता आणि दुसरा लातूरच्या घरातल्या पलंगाखाली, हिरव्या पत्र्याच्या पेटीत, आणि चार वर्षांत त्यांची एकदाही गाठ पडली नव्हती. आणि ती मात्र दर महिन्याला एकाकडून दुसऱ्याकडं जात होती, लोहा, अहमदपूर, चाकूर करत, एसटीच्या खिडकीला डोकं टेकून. "दोष कुणाचाच नाही हं आजी," बाई म्हणत होत्या. "हे आईकडून मुलाकडं येतं. आईला काही होत नाही, मुलीला सहसा काही होत नाही. मुलाला होतं. वासानंसुद्धा होतं."

रविवारी ऋतुजा आली होती ना. सोमवारी वर्षाराणीला बाळंतपणाच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बाळ तिच्याच मांडीवर होतं, रिक्षात. घरी अव्वानं पेटी उघडून ठेवलेली होती. टोपरं, झबली, लंगोट, जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी. सगळी खोली त्या वासानं भरलेली होती, थंड, गोड, नाकात शिरून टाळूला लागणारा वास, आणि ऋतुजाला बरं वाटलं होतं. घरी आल्यासारखं वाटलं होतं. तिनं गोधडीत गुंडाळलेल्या बाळाच्या मानेत नाक खुपसून तो वास आत ओढून घेतला होता. त्या पेटीत ह्या गोळ्या कुणी टाकल्या होत्या? तिनंच. होळीला घरी येताना नांदेडहून आणल्या होत्या, अव्वानं फोनवर सांगितलं होतं म्हणून; दोन पुड्या, पांढऱ्या, पेपरमिंटसारख्या. तिनंच कपड्याच्या प्रत्येक घडीत एकेक ठेवली होती. अव्वा म्हणाली होती, वर्षाला दिवस गेलेत, हे कपडे लागतील आता. आणि मंगळवारी सकाळी निघताना तिनं बाळाच्या डोळ्यांतलं पांढरं पाहिलं होतं. पांढरं नव्हतं ते. फिक्या हळदीचा हात लागल्यासारखं. ती म्हणाली होती, "अव्वा, जरा पिवळा वाटतो का गं?" अव्वाचा चेहरा क्षणभर कसा झाला होता हे आता तिला आठवत होतं, तेव्हा दिसलं होतं, पण आठवलं आता. "असतंय थोडं," अव्वा म्हणाली होती. आणि तिला दहाची गाडी धरायची होती, कारण लॅबमध्ये बशा टाकायच्या होत्या आणि त्या बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी वाचायच्या होत्या. गुरुवारी दुपारी ती बशा उघडणार तोच रविकिरणचा, वर्षाच्या नवऱ्याचा, फोन आला. तो देगलूरहून निघाला होता, रस्त्यातूनच बोलत होता. "अक्का, बाळ डोळेच उघडंना. तुम्ही या." तिनं बशा तशाच ठेवून दिल्या.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर कमलम्मा पुन्हा त्याच बाकावर त्याच जागी बसली. काचेपलीकडं निळा उजेड होता आणि उजेडात डोळ्यांवर पट्टी बांधलेलं एवढंसं शरीर, छाती भराभर वर-खाली होणारी. "काय म्हनली गं ती?" तिनं विचारलं. "मला नीट सांग. ती लई भरभर बोलत होती." ऋतुजा म्हणाली, "म्हणाली, रक्त बदललंय. आता आकडा खाली येतोय." "ते कळलं मला. डांबरगोळ्यांचं काय म्हनली?" ऋतुजा म्हणाली, "नंतर सांगते, अव्वा. आधी वर्षाला बघून येते." अव्वानं तिच्याकडं पाहिलं. मग डबा पिशवीत घातला आणि म्हणाली, "मी घरी जाऊन येते. वर्षाचं जेवण करून आणते." जिना उतरताना तिनं कठडा धरला होता. ती कधी कठडा धरत नसे.

एक मुलगा होऊन गेला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. ऋतुजा तेव्हा चार वर्षांची होती. वर्षा नव्हती, ती पुढच्या वर्षी झाली. ऋतुजाला त्या दिवसांतलं काही आठवत नाही असं ती समजत होती. आठवतं ते एवढंच, की कुणीतरी तिला उचलून शेजारी नेलं होतं आणि तिथं तिला गूळ-शेंगदाणे दिले होते, आणि ती घरी परत आली तेव्हा पाळणा दोरीसकट गेलेला होता. बाकी तिला सांगून कळलेलं. तुकड्यातुकड्यांनी, भांडणात, आज्जीच्या तोंडून. आज्जी म्हणजे अप्पांची, वडिलांची, आई. पिवळा होऊन गेला. सहाव्या दिवशी. आज्जीचं म्हणणं होतं की कमलम्माचं दूध बाधलं. देवणीकडची पोरगी, तिकडचं पाणी, तिकडचं दूध, नातू पचवू शकला नाही. हे ती कमलम्मासमोर म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची, भाजी निवडता निवडता म्हणायची, आणि अप्पा तिथंच पेपर वाचत असायचे. अप्पा चांगले होते. गेले तेव्हा कमलम्मा रडली. पण त्यांनी पेपरमधून डोकं वर काढलेलं ऋतुजाला आठवत नव्हतं. पुढं वर्षा झाली तेव्हा कमलम्मानं तिला एक दिवसही अंगावर पाजलं नाही. देवणीहून मामानं गाय आणून दिली, पांढरी, काळ्या ठिपक्यांची, आणि वर्षा त्या गायीच्या दुधावर वाढली. घरात ही थट्टेची गोष्ट होती, वर्षा गायीची लेक. ऋतुजाही हसायची. आणि आता, ह्या बाकावर, तिला हेही कळत होतं की त्या मुलाला घातलेली झबली कुणाची असणार. घरात तोवर एकच मूल होतं. तिच्या अंगावरून उतरलेले कपडे धुऊन, घडी घालून, त्याच हिरव्या पेटीत, घडीघडीत एकेक गोळी ठेवून चार वर्षं जपून ठेवलेले असणार. तिचे कपडे. तिला त्यांनी काही केलं नाही, आणि त्याला.

पण हे सिद्ध कसं करणार? शिवशंकर सर प्रत्येक चर्चेत खुर्ची मागं झुकवून एकच विचारायचे, "कंट्रोल कुठाय?" म्हणजे तुलनेला काय आहे, काय ठेवून काय बदललंस. इथं काहीच नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीचं एक बाळ, ज्याचं नावही ठेवलं नव्हतं. त्याच्या रक्ताचा एक थेंब कुठं नाही, कागद नाही, फोटो नाही. शास्त्राच्या भाषेत तिला एवढंच म्हणता आलं असतं, की शक्यता नाकारता येत नाही. आणि अव्वाला हे कसं सांगायचं? सांगायचं की तुझं दूध बाधलं नव्हतं. एवढंच सांगता आलं असतं तर ती धावत घरी गेली असती. पण ते वाक्य एकटं येत नव्हतं. दूध नव्हतं, तर मग काय होतं, असं अव्वा विचारणारच. आणि मग कपडे, आणि मग पेटी, आणि मग तुझ्याच रक्तातून आलं, तुझ्याकडून त्याला, तुझ्याकडून वर्षाला, वर्षाकडून ह्याला. एका हातानं उचलून घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं त्याहून जड काहीतरी ठेवायचं. आणि मंगळवारपासून दूध तोडलं हेही वाईटच झालं, पोटात काही गेलं नाही म्हणून कावीळ आणखी चढली, हेही तिला माहीत होतं. तिला सगळं माहीत होतं. कुठल्या टप्प्यावर काय झालं, कुठला रेणू कुठं गेला, रक्तपेशीला हे विकर नसलं तर दुसरा मार्गच का नसतो. यीस्टला निदान एखादी आडवाट असते, रक्तपेशीला तीही नाही. हे सगळं ती फळ्यावर बाण काढून दाखवू शकली असती. काचेपलीकडच्या त्या छातीची वर-खाली होण्याची गती मात्र ती एका श्वासानंही कमी करू शकत नव्हती.

आयांच्या खोलीत वर्षाराणी पलंगावर मांडी घालून बसली होती, समोर स्टीलची वाटी. नर्सनं दूध काढून द्यायला सांगितलं होतं; बाळ ओढू शकत नव्हतं, नळीनं द्यायचं होतं. वाटीच्या तळाला ओलसरपणा होता, थेंब म्हणावा असाही नाही. "येतच न्हाई अक्का," वर्षा म्हणाली. "तीन दिवस बंद केलं ना अव्वानं. आता येतच न्हाई." तिचे केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. चोवीस वर्षांची होती ती. ऋतुजानं तिच्या पाठीवर हात ठेवला. लॅबमध्ये एखादी नवी मुलगी रडली की ती काय करायची ते तिनं आठवून पाहिलं. चहा आणायची. ती खाली जाऊन चहा घेऊन आली. वर्षानं तो प्याला नाही.

चार वाजता कमलम्मा आली. डबा होता, पण जेवण केलेलं नव्हतं. वाटेत कुणाच्या तरी खानावळीतून भाकरी आणि वरण भरून आणलं होतं, हेही आजवर कधी झालं नव्हतं. तिनं डबा ऋतुजाच्या हातात दिला आणि बाकावर न बसता उभीच राहिली. "पेटी अंगणात काढून ठेवली," ती म्हणाली. "कपडे बी सगळे काढले. ऋतू, एक विचारते. खरं सांग. तो बी ह्यानंच गेला का?"

कोण तो, असं विचारता आलं असतं. "सांगता येत नाही अव्वा," ऋतुजा म्हणाली. "तेव्हाचं काही नाही ना आपल्याजवळ. तपासलं नव्हतं."

"तुला येतंय सांगता. चार वर्षं तू तेच शिकून राहिलीस ना. त्या बाईनं नाव घेतलं तवा तुझं तोंड बघितलं मी."

पलीकडं कुणाचं तरी बाळ रडायला लागलं, खणखणीत, निरोगी रडणं, आणि दोघी ते थांबेपर्यंत थांबल्या. "हाव," ऋतुजा म्हणाली. घरातही ती आता अशी बोलत नसे, नांदेडला गेल्यापासून तिची बोली बदलली होती. "तसंच असंल."

"आन् ते माझ्याकडून आलं?"

"हाव. पण ते तुझ्या हातात नव्हतं. तुला आज्जीकडून आलं असंल, देवणीच्या. किंवा आणखी मागून."

कमलम्मानं मान हलवली, जणू हे तिनं आधीच जमेला धरलं होतं. "म्हणजे तुझ्यात बी असंल."

"असंल."

"बघितलं न्हाईस?"

"नाही."

"मग चार वर्षं काय बघितलंस गं?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती. एखादी गोष्ट कुठं ठेवली असं विचारावं तसं. ऋतुजाच्या डोळ्यांसमोर बशीवरची मोकळी जेली आली, खालची ओळ, आणि तिच्या लक्षात आलं की हे दाखवण्याजोगं उत्तर नाही.

मग कमलम्मा बसली. तिच्या तोंडाकडं पाहून ऋतुजाला वाटलं, आता ती पेटीचं बोलेल, स्वतःला मारून घेईल, पदर तोंडात कोंबेल. तिनं तसं काही केलं नाही. ती हळूच म्हणाली, "म्हणजे दूध न्हवतं."

"नव्हतं."

"दूध चांगलं होतं."

"चांगलं होतं अव्वा."

"बांधून टाकलतं माझ्या सासूनं," ती म्हणाली. "तो गेल्यावर. लुगड्याच्या पट्टीनं, आवळून. नऊ दिवस. लई यायचं. पट्टी भिजायची. मी मागं जाऊन दगडावर पिळायची आन् वरनं माती लोटायची, मुंग्या येऊ नयेत म्हणून. मला वाटायचं, मुंग्या बी मरतील." आणि मग तिच्या तोंडातून एक आवाज आला, हसण्यासारखा सुरू झालेला, आणि तो कुठं जायचं ते न कळून मध्येच थांबला. ऋतुजानं तिचा हात धरला. हात थंड होता. साबणाचा, घासून घासून सोललेला. ती त्या हाताला काही देऊ शकत नव्हती. तिनं नुसता धरून ठेवला. थोड्या वेळानं कमलम्मानंच तो सोडवून घेतला, उठली आणि आयांच्या खोलीत गेली. दारातून ऋतुजाला दिसलं, की तिनं गरम पाण्यात टॉवेल पिळला, वर्षाच्या समोर पलंगावर बसली आणि काही न बोलता, आज्ञा न करता, लेकीची छाती शेकू लागली. सहा वाजता वाटीत दोन चमचे दूध होतं. पिवळसर, दाट. नर्स ते आत घेऊन गेली तेव्हा कमलम्मा दारापर्यंत तिच्या मागं गेली.

बाळ वाचलं. अकराव्या दिवशी निळ्या उजेडातून बाहेर आलं, सतराव्या दिवशी घरी. पेटी भंगारवाल्याला गेली, कपड्यांचं कमलम्मानं काय केलं ते कुणी विचारलं नाही. ऋतुजा नांदेडला परतली. लॅबमधल्या आलियानं तिच्या बशा फ्रिजमध्ये ठेवून दिल्या होत्या, झाकणांवर तारीख टाकून, काळजीनं. ऋतुजानं त्या उजेडाच्या पेटीवर ठेवल्या. वरची ओळ दाट. खालच्या ओळीत ह्या खेपेला पहिला ठिपकासुद्धा नव्हता. स्वच्छ, लखलखीत, मोकळी. इतका साफ निकाल चार वर्षांत आला नव्हता. शिवशंकर सर मागं येऊन उभे राहिले, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "वा. ह्याचा फोटो घे. आपल्या पेपरात पहिला हाच जाईल." मग त्यांना आठवलं. "आणि घरी, बाळ कसं आहे?" "बरं आहे सर," ती म्हणाली आणि फोटो घेतला. एकदा हलला म्हणून पुन्हा घेतला. स्वतःचं रक्त द्यायला ती त्या आठवड्यात जाणार होती. त्या आठवड्यात गेली नाही, पुढच्याही नाही.

काविळीनं ऐकण्यावर काही झालं का ते पाहायला दोन महिन्यांनी कानांची तपासणी होती. ऋतुजा मुद्दाम लातूरला आली. वर्षाला ताप होता, म्हणून बाळाला घेऊन ती आणि कमलम्माच गेल्या. एका बंद, गार खोलीत बाळ झोपलेलं होतं, कपाळावर आणि कानांमागं तारा चिकटवलेल्या, कानांत छोट्या नळ्या. तपासणी करणारा माणूस नळ्यांतून आवाज सोडत होता, आधी हलका, मग मोठा, मग खूप मोठा, आणि समोरच्या पडद्यावर ज्या लाटा उठायला हव्या होत्या त्या उठत नव्हत्या. रेषा नुसती थरथरत पुढं सरकत होती. ऋतुजाला रेषा वाचता येत होत्या. तिला तो माणूस काय बोलणार आणि काय बोलणार नाही हेही आधीच कळलं. तो म्हणाला, "तीन महिन्यांनी परत बघू. काहींचं सुधारतं." कमलम्मानं विचारलं, "ऐकू येतंय का त्याला?" तो म्हणाला, "आज तरी लाटा येत नाहीत, आजी." कमलम्मानं बाळाच्या कपाळावरचा चिकट डाग पदरानं पुसला, हळूहळू, पूर्ण जाईपर्यंत.

रिक्षात बाळ जागं झालं आणि आजीच्या तोंडाकडं पाहू लागलं. दुपारची वेळ होती, रस्त्यावर ट्रॅक्टर, हॉर्न, कुठं लग्नाचा बँड. कमलम्मा त्याच्यावर वाकली आणि बोलू लागली. ऋतुजाला आधी कळेना, ती काय बोलतेय. मग लक्षात आलं, की ती कन्नड बोलतेय, देवणीच्या माहेरातली. लग्न होऊन लातूरला आल्यावर सासूनं तिला ती भाषा घरात बोलू दिली नव्हती. दोन्ही मुलींना तिनं तिच्यातल्या अव्वा ह्या एका शब्दापलीकडं काही शिकवलं नव्हतं. आता ती थांबतच नव्हती. "नोडु कंदा, नोडु," बघ बाळा, बघ, असं म्हणून ती त्याला रस्ता दाखवत होती, बैल दाखवत होती, केळीवाला दाखवत होती, आणि मध्येच लांबलचक काहीतरी सांगत होती, ज्यातलं ऋतुजाला एक अक्षर कळत नव्हतं. बाळ तिच्या हलणाऱ्या ओठांकडं टक लावून पाहत होतं. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा बघितलं. ऋतुजाला वाटलं, तिला सांगावं. तिचा दंड धरून सांगावं, की अव्वा, अगं. घर येईपर्यंत कमलम्मा बोलत राहिली, आणि घर आल्यावर, ऋतुजा उतरून रिक्षावाल्याशी बोलून परत वळली तरी, ती आत बसूनच होती, गोष्ट अर्धी राहिल्यासारखी.

ऋतुजा घराचं दार उघडं धरून उभी राहिली.